एलियाहू हनबीची चाल घरात राहावी म्हणून: सिनेगॉगांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी भाषक ज्यूंच्या) सिनेगॉगांचे विश्वस्त, मुकादम (प्रमुख), गब्बाय (खजिनदार) आणि हज्जानसाहेब (प्रार्थना चालवणारे) यांना,

सप्रेम शालोम.

येत्या वर्षाचं अंदाजपत्रक तुमच्या बैठकीत येईल तेव्हा त्यात ‘मुलांचा वर्ग’ अशी एक ओळ असेल. ती खोडून तिथे ‘घरांचा वर्ग’ असं लिहावं, ही आमची विनंती आहे. महिन्यातून एकदा, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुटल्यावर, चार ते सहा कुटुंबांनी आजी-आजोबांसकट एकत्र बसावं. त्या बैठकीचं गाणं हज्जानसाहेबांनी चालवावं आणि त्या कामाचा त्यांना वेगळा मोबदला मिळावा. शिवाय जुन्या मराठी पदांच्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत, त्यांचं ध्वनिमुद्रण याच वर्षी व्हावं. आम्ही कीर्तन, तेफिला (प्रार्थना) आणि तोरावाचन (धर्मग्रंथाचं वाचन) शिकवणारी माणसं आहोत, त्यामुळे पत्रात बारकावे जास्त आहेत. ते वाचून मग निर्णय घ्या.

आधी वर्ग का फसतो ते. रविवारी मुलांना वेगळ्या खोलीत बसवून बेराखा (आशीर्वचनं) पाठ करून घेतल्या जातात. चाली बहुतेक वेळा परदेशातून आलेल्या ध्वनिफितींतल्या असतात, गिटारवर बेतलेल्या. त्या छानच असतात. पण तेच मूल शब्बाथला सिनेगॉगमध्ये येतं तेव्हा हज्जानसाहेब आपल्या जुन्या चालीत म्हणत असतात, आणि मूल गप्प बसतं. त्याला शब्द येतात, पण तोंड कुठे उघडायचं ते कळत नाही. घरी तर तिसरीच गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी किद्दूश (द्राक्षरसावर म्हणायची शब्बाथची प्रार्थना) दोन मिनिटांत उरकतो, कारण आई-वडिलांना चाल येत नाही आणि मुलासमोर चुकायची लाज वाटते. तीन ठिकाणी तीन चाली, आणि घरात एकही नाही. अशा मुलाला आणखी एक तास शिकवून काही होणार नाही. त्याच्या आईला आणि बाबांना तीच चाल यायला हवी, आणि ती सिनेगॉगमधलीच असायला हवी.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. 1796 मध्ये मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग शार हारहमीम उभं राहिलं, त्याच्याही आधी कित्येक पिढ्या कोकणातल्या गावांत शब्बाथ पाळला गेला तो घराघरांत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक आपल्याला शनवार तेली म्हणत. सणांची नावंसुद्धा घरातली होती: नव्याचा सण (नववर्ष), दारफाळणीचा सण (योम किप्पूर), शिळा सण, बिरड्याचा सण. 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा (पेसाह म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पुस्तकं) छापल्या गेल्या. पुण्याच्या हगादेत मराठी पेहरावातल्या बायका मात्सा (बिनखमिराची पोळी) करताना दाखवल्या आहेत. 1880च्या सुमारास मुंबईतल्या आपल्या मंडळींनी कीर्तन उचललं आणि अब्राहाम, योसेफ, मोशे, एलियाहू यांची चरित्रं साकी-दिंडी-ओवी-पदांत रचली. हिब्रू न येणाऱ्या बाईला आणि सहा वर्षांच्या मुलाला एकाच बैठकीत तोरा कळावी, यासाठी केलेली ती व्यवस्था होती. ती वर्षातून एकदा रंगमंचावर सादर करायची वस्तू झाली, तिथे आपलं चुकलं.

संध्याकाळ कशी बसवायची

शनिवार रात्र निवडण्याचं कारण साधं आहे. शब्बाथला पेटी वाजवता येत नाही, फोन लावता येत नाही, पोहे भिजवायला घेता येत नाहीत. हवदाला (शब्बाथला निरोप देणारा विधी) झाला की हे सगळं मोकळं होतं, आणि हवदालानंतर एलियाहू हनबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं असतंच. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सातला बैठक सुरू करता येते. जूनमध्ये सूर्यास्तच सव्वासातला असतो. चांदण्या दिसेपर्यंत पावणेआठ होतात आणि लहान मुलं पेंगू लागतात. म्हणून या बैठका सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या खिरीच्या सणानंतर सुरू करून मार्चपर्यंत कराव्यात. पेसाहनंतर ओमेरच्या (दिवस मोजण्याच्या) काळात आणि पुढे ज्यू पंचांगातल्या 17 तम्मूज ते 9 आब या शोकाच्या तीन आठवड्यांत वाद्यं बंद असतात, त्या काळात रविवारी सकाळी नुसतं वाचन घ्यावं. पावसाळ्यात बिरड्याचा सण, म्हणजे 9 आबचा शोकाचा उपास, येतो. एखाची (विलापगीताची) सुरावट वाद्याशिवाय शिकायला तो काळ योग्य आहे.

वेळ सव्वा तास, त्याहून जास्त नको. हवदालाला दहा मिनिटं. वातींची वेणी असलेली मेणबत्ती विकत मिळत नाही म्हणून हवदाला टाळणारी घरं आम्ही पाहतो. दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरल्या तरी चालतं. वेणी घालायचीच असेल तर आधीच्या रविवारी मुलांकडून करून घ्या. बारीक मेणबत्त्या, हात बुडवता येईल इतक्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायच्या आणि पाण्यातून काढल्याबरोबर पिळायच्या. पाणी जास्त तापलं तर मेण वातीवरून सुटतं. थंड असेल तर मेणबत्ती पिळताना तुटते. सुवासासाठी गुलाब किंवा वेलची-दालचिनीची पुरचुंडी पुरे.

मग पंधरा मिनिटं एकच चाल. दोन नाहीत. त्यानंतर वीस मिनिटं हाताचं काम, वीस मिनिटं कीर्तन आणि शेवटी ताटं. हाताचं काम गाण्याच्या मधोमध ठेवलंय ते मुद्दाम: मुलं नारळ खोवताना आधीची चाल आपोआप गुणगुणतात, आणि ती चाल बसली की नाही ते तिथेच कळतं. कोणीच गुणगुणत नसेल तर कीर्तनाची पाच मिनिटं कापून चाल पुन्हा घ्यावी.

मलिदा हाच धडा

मलिदा (एलियाहूच्या नावाने करायचं गोड पोह्यांचं ताट) आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे: लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात, परीक्षेचा निकाल लागल्यावर. त्यामुळे शिकवायला याहून चांगली वस्तू नाही. पण बहुतेक ठिकाणी बायका आत ताटं लावतात, पुरुष बाहेर म्हणतात आणि मुलं खायच्या वेळी येतात. घरांच्या वर्गात हे तिन्ही एका चटईवर आणायचं आहे.

वीस जणांसाठी एक किलो जाडे पोहे, चार नारळ, 400 ग्रॅम साखर किंवा चिरलेला गूळ, पंधरा-वीस वेलच्या, बदाम-पिस्ते-मनुका मिळून पाव किलो, आणि पाच प्रकारची फळं. पातळ पोहे घेऊ नका, ते पाणी लागताच लगदा होतात. जाडे पोहे चाळणीत घेऊन वरून पाणी सोडायचं, निथळू द्यायचं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं. दाणा बोटांत दाबला की मऊ लागावा पण मोडू नये. गूळ आणि ओला नारळ एकत्र आले की पाणी सुटतं, म्हणून ते वाढण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी मिसळायचं. शब्बाथच्या आधी दुपारीच कालवून ठेवलेला मलिदा रात्री पचपचीत होतो आणि उकाड्यात नारळाला वास येतो. नारळ फोडणं, खोवणं, वेलची कुटणं ही सगळी कामं हवदालानंतर, मुलांच्या हातून व्हावीत. खजूर उभा चिरून आत किडा नाही ना हे पाहणं सात-आठ वर्षांच्या मुलाला द्यावं. काश्रूथचे (खाण्यापिण्याचे) नियम मुलाला असेच कळतात, त्यावर वेगळं भाषण लागत नाही.

आणि इथेच बेराखा शिकवायच्या. सफरचंद, डाळिंब, खजूर यांना झाडाच्या फळाची बेराखा. खजूर आणि डाळिंब इस्रायलच्या भूमीच्या सात पिकांतले, म्हणून ते आधी. केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाची. का, हे मुलांनाच विचारा. अलिबाग-पेणकडचं मूल असेल तर उत्तर त्याच्याजवळ आहे: घड काढला की केळीचा खांब तोडतात, तो पुन्हा फळत नाही, आंबा वर्षानुवर्षं त्याच फांदीला येतो. बेराखा ठरवण्याचा नियम नेमका हाच आहे. हे एकदा कळलं की पपई कुठे बसेल, अननस कुठे बसेल यावर मुलं स्वतःहून भांडू लागतात. भांडू द्या, आणि निवाडा हज्जानसाहेबांकडे न्या. मूल हज्जानसाहेबांशी पहिल्यांदा बोलतं ते अशा वेळी.

सरावाच्या वेळी मोठ्यांनी बेराखेत पवित्र नाव उच्चारू नये, त्याजागी ‘हाशेम’ म्हणावं. मुलांना शिकवताना पूर्ण नाव घेण्याची मुभा आहे. हा फरक आधी समजावून सांगा, नाहीतर मुलं घरच्या खऱ्या किद्दूशमध्येही ‘हाशेम’ म्हणतात. हिब्रूत छापलेल्या कागदांवर नाव असेल तर ते कागद मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. रद्दीत जाता कामा नयेत.

चालवणारा कसा हवा

आमचं सगळ्यात ठाम मत इथे आहे. चांगला आवाज असलेला माणूस शोधू नका. लोकांना गायला लावणारा शोधा. हे दोन गुण वेगळे आहेत आणि पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात, कारण आवाज फार सुरेख असला की लोक ऐकत बसतात. पारख सोपी आहे: मधल्या एखाद्या ओळीला चालवणाऱ्याने थांबायचं. पाच सेकंद लोक पुढे गात राहिले तर माणूस योग्य.

मोशेने समुद्राचं गीत (समुद्र ओलांडल्यावरचं) लोकांकडून कसं म्हणवून घेतलं, यावर ताल्मूद या रब्बींच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या सोटा भागात तीन मतं आहेत. रब्बी अकिवा म्हणतात, हल्लेल (स्तुतिस्तोत्रं) म्हणावं तसं: मोशे ओळी म्हणे, लोक एकच पालुपद उचलत. दुसरं मत, मूल वाचतं आणि मोठे त्याच्यामागून शब्दन् शब्द म्हणतात तसं. रब्बी नेहेम्या म्हणतात, शेमा या प्रार्थनेसारखं: त्याने सुरुवात करून दिली आणि पुढे सगळे एकत्र गेले. कुटुंबांना गायला शिकवण्याची याहून नेमकी पद्धत आम्हाला माहीत नाही, आणि तिन्ही मतं कामाची आहेत. पहिल्या महिन्यात पालुपद: पाहुणा असो की तीन वर्षांचं मूल, चार शब्द सगळ्यांना येतात. दुसऱ्या महिन्यात मागून म्हणणं, तेही अर्ध्या-अर्ध्या ओळीने. पूर्ण ओळ दिली की शेवट पुसट होतो. तिसऱ्या महिन्यात उचलून द्यायचं आणि गप्प राहायचं. बहुतेक जण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतात, मधे शांतता पसरते आणि घाबरून स्वतःच गाऊ लागतात. ही चूक एवढी सार्वत्रिक आहे की हज्जानांच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस आम्ही फक्त थांबण्यावर घालवू. मिर्यामने डफ घेऊन बायकांकडून म्हणवून घेतलं, हेही त्याच गीतानंतर लिहिलेलं आहे. कीर्तनात बायका पुढे असतात, ते मोलाचं आहे.

सूर. पेटीवाला आपल्या सोयीची पट्टी धरतो आणि निम्मी खोली गप्प होते. बाईची पट्टी काळी चार-पाच, पुरुषाची काळी एक, आणि मुलांचा आवाज यांतल्या कशातच बसत नाही. काळी पाचला खालचे स्वर मुलं पुटपुटतात. चाल एका सप्तकात मावणारी असेल तर सा पांढरी दोनवर धरा. मुलं आणि बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या, सगळे मोकळेपणी गातात. चाल तार सप्तकात गंधारापर्यंत चढत असेल तर ती वर्गासाठी घेऊ नका, कीर्तनकारासाठी ठेवा. पेटीवर फक्त सा आणि पंचम धरावा. पेटीने पूर्ण चाल वाजवली की मुलं पेटीच्या मागे जातात आणि पेटी थांबली की थांबतात. अशी चाल घरापर्यंत पोचत नाही, कारण घरी पेटी नसते.

लय भजनी ठेक्याची, झांजेची एकच जोडी, आणि ती वर्गातल्या सगळ्यात चुळबुळ्या मुलाच्या हातात. दोन जोड्या दिल्या की लय पळते. आपल्या जुन्या सिनेगॉगांत उंच छत आणि खाली फरशी असल्यामुळे आवाज घुमतो, जलद गाणं चिखल होतं. माईक लावला की आणखी बिघडतं. माईक बंद ठेवा, तेबाच्या (प्रार्थनेच्या चौथऱ्याच्या) भोवती नालेच्या आकारात बसा, पंखे त्या पंधरा मिनिटांपुरते हळू करा.

साकी टिकते, पद हरवतं

जुन्या कीर्तनांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून एखाद्या दुसऱ्याच गाण्याचं नाव दिलेलं असतं. छापलं तेव्हा ते नाटकातलं पद सगळ्यांच्या तोंडी होतं. आज ते गाणं कोणाला आठवत नाही, म्हणून आपलं पदही मुकं झालं. साकी, दिंडी, ओवी यांचं तसं नाही: वृत्त कळलं की चाल सापडते. साकीच्या ओळीत 16 आणि 12 अशा 28 मात्रा, दिंडीत 9 आणि 10 मिळून 19. मोठ्या अभंगाच्या चरणांत 6, 6, 6, 4 अक्षरं. म्हणून घरांच्या वर्गाची सुरुवात साकीने करावी आणि ध्वनिमुद्रणाची सुरुवात पदांनी. ज्या पदाची मूळ चाल कोणालाच ठाऊक नाही पण एखाद्या आजींना ते म्हणता येतं, ते सगळ्यात आधी.

मुलांनी स्वतः साकी रचावी. त्या आठवड्याच्या पाराशातला (तोरेच्या साप्ताहिक भागातला) एकच प्रसंग द्यायचा, बोटांवर मात्रा मोजायला शिकवायच्या: ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. समुद्राचं गीत ज्या पाराशात आहे त्याच बेशलाहमध्ये खडकातून पाणी निघतं, त्यावर एक नमुना देतो:

तहान लागली वाळवंटी, सुकून गेली वाणी ।
मोशे काठी उचलुनि मारी, खडकातुन ये पाणी ॥

‘उचलुनि’, ‘खडकातुन’ असं ऱ्हस्व का, हे मूल विचारील. मोजायला लावा, कळेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे अवघड जाईल असं पुष्कळांना वाटतं, पण मात्रा म्हणजे त्यांना गणितच असतं. अडखळतात ते आई-वडील, कारण ते आधी अर्थ सजवायला जातात. एका संध्याकाळी एका कुटुंबाची एक साकी, एवढंच. वहीत तारीख घालून उतरवायची, आणि पुढच्या महिन्यात त्या कुटुंबाने ती सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची. सहा कुटुंबं, सहा महिने, 36 साक्या: एक अख्खं चरित्र होतं, आणि ते पुढच्या तू बिश्वातला (झाडांच्या नववर्षाला) अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या एलियाहू हनबीच्या टाप्यापाशी (एलियाहूच्या रथाची खूण मानलेल्या खडकापाशी) म्हणता येतं. तू बिश्वात बेशलाहच्या आसपासच येतो, म्हणून वर्षाचा हा टप्पा आम्हाला फार जवळचा वाटतो. टाप्यावर जाताना झांजा आणि डफ न्यावा, पेटी नको. उघड्यावर तिचा आवाज पोचत नाही आणि उचलणाऱ्याचे हाल होतात.

ध्वनिमुद्रण फोनवरही चांगलं होतं, दोन-तीन गोष्टी पाळल्या तर. आवाजातला गोंगाट आपोआप काढणारी सोय बंद करा. ती वृद्ध माणसाचा क्षीण आवाजही गोंगाट समजून कापते. पंखा बंद, फोन तोंडापासून एक हातावर, मऊ कापडाच्या घडीवर. व्हॉट्सॲपवर आवाज दाबून जातो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रत्येक पद दोनदा म्हणून घ्या: पहिल्या वेळी माणूस आठवत असतो, दुसऱ्या वेळी गातो. पदाच्या छापील किंवा हस्तलिखित पानाचा फोटो त्याच नावाने जोडा. मुलाखत आजींच्या नातवंडाने घ्यावी. नातवंडाला चाल येत नाही म्हणून आजी पुन्हा पुन्हा म्हणतात, आणि गाण्यातली जी हरकत आम्हा शिक्षकांसमोर संकोचाने गाळली असती ती तिथे येते. शब्बाथला हे काम करू नये, हे सांगायला नकोच.

अक्षर कोणतं

इंग्रजी लिपीत छापलेले बेराखांचे कागद बंद करा. त्यातला ‘सीएच’ मुलं ‘च’ वाचतात आणि हाल्लाचा चल्ला होतो. देवनागरी हिब्रूला बरीच जवळ आहे. झायिनसाठी ‘माझा’तला झ आहे, त्सादीसाठी ‘चाक’मधला च आहे, इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या तोंडातही हे दोन्ही आवाज मराठीमुळे असतातच. उणीव हेथ आणि खाफ यांची. हेथखाली नुक्ता द्यावा, म्हणजे हे, हेथ, खाफ ही तीन अक्षरं कागदावर तीन दिसतील. दुसरी अडचण जोराची. आपण शब्दाच्या आरंभी जोर देतो, हिब्रूत तो बहुधा शेवटी असतो. जोराचं अक्षर ठळक छापलं की निम्मं काम होतं.

इस्रायलमधल्या लोद, दिमोना, बेएर शेवा, अश्दोद इथल्या आपल्या मुलांची गोष्ट उलटी: त्यांना हिब्रू येतं, मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी साक्या स्वरचिन्हांसह हिब्रू लिपीत लिहाव्या लागतील, आणि ण-ळ हे आवाज ध्वनिफितीवरूनच द्यावे लागतील. एकत्र बैठक घ्यायची झाली तर शनिवारी घेऊ नका. मुंबईत हवदाला होतो तेव्हा तिथे शब्बाथ सुटायला अजून काही तास असतात. रविवारी आपल्याकडे रात्री साडेआठ ही दोन्हीकडे सोयीची वेळ आहे. आणि फोनवर एकत्र गाण्याचा हट्ट नको. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि लय फाटते. एका बाजूने ओळ म्हणावी, दुसरीने पालुपद, बाकी सगळ्यांचे माईक बंद.

मात्सा आणि मनुका

पेसाहच्या आधीच्या बैठकीत मात्सा करावा, पण तो सरावाचाच, सणाला वापरायचा नाही. तीन वाट्या कणीक, एक वाटी पाणी, मीठ नाही, तेल नाही. पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटं. घड्याळ लावण्याऐवजी तीन मिनिटांची एक चाल सहा वेळा म्हणायची, सहाव्याला शेवटचा मात्सा तव्यावरून उतरला पाहिजे. इथे आपल्या सुगरणी अडतात. टम्म फुगलेली पोळी हा घरचा अभिमान, आणि मात्सात फुगा किंवा घडी हा दोष. म्हणून लाटल्याबरोबर काट्याने सगळीकडे टोचायचं, कडासुद्धा.

किद्दूशचं सरबत प्रत्येक घराने स्वतः करावं: एक वाटी काळ्या मनुका, तीन वाट्या पाणी, रात्रभर भिजवून, शुक्रवारी सकाळी उकळून, कुस्करून, गाळून. कुस्करण्याचं काम मुलाचं.

मोबदला, मिन्यान आणि बार मित्झवा

हज्जानसाहेबांकडे आज तेफिला, लग्नं, अंत्यविधी, कधी कधी शोहेतचं (धर्मनियमांप्रमाणे प्राणी कापणाऱ्याचं) कामही असतं. त्यात ‘मुलांनाही थोडं शिकवा’ असं सांगितलं की ते थोडंच होतं. महिन्याला एक बैठक, तिच्या तयारीचे दोन दिवस आणि पदं ध्वनिमुद्रित करण्याचा एक दिवस, असे चार दिवस धरून मोबदला ठरवा आणि ठरावात लिहा. वर्षभरात त्यांनी बारा चाली कुटुंबांना द्याव्यात. त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवू नका.

बार मित्झवाची (तेराव्या वर्षी मुलाने तोरा वाचण्याच्या विधीची) तयारी दहा-बारा महिने आधी सुरू व्हावी. आता ती पुष्कळदा शेवटच्या तीन महिन्यांत, ध्वनिफीत ऐकून पाठांतर अशी होते. मुलगा त्या दिवशी छान म्हणतो आणि पुढच्या शब्बाथला त्याला एक ओळ वाचता येत नाही, कारण तो एतनाह्ता आणि सोफ पासूक ही वाचनातल्या थांब्यांची चिन्हं ओळखायला शिकलेलाच नसतो. आधी चिन्हं, मग अनोळखी तीन ओळी, मग त्याचा स्वतःचा भाग. वडिलांनीही तीच चिन्हं सोबत शिकावीत. बहीण असेल तर तीही.

रायगडातल्या ज्या सिनेगॉगांत दहा पुरुष जमत नाहीत त्यांना आमचं वेगळं सांगणं आहे. मिन्यान (दहा पुरुषांचा जमाव) नसेल तर कद्दिश आणि केदुशा या प्रार्थना नाहीत, सेफेर तोरा (तोरेची गुंडाळी) काढून वाचन नाही. पण हवदालाला मिन्यान लागत नाही, पेसाहच्या रात्रीच्या सेदेरला लागत नाही, कीर्तनाला तर कधीच लागला नाही. शनिवारी रात्री तीन कुटुंबं आणि एक झांज एवढ्यावर तुमच्या इस्रायल आळीतलं दार उघडू शकतं. त्यासाठी मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांनी वर्षातून दोनदा आपले हज्जान आणि सहा कुटुंबं तिकडे पाठवावीत. प्रवासखर्चाची तरतूद त्याच अंदाजपत्रकात असावी.

पहिल्या सहा बैठकांचे कागद, देवनागरीतल्या बेराखा, साकीच्या मात्रांचा तक्ता आणि ध्वनिमुद्रणासाठी पदांची यादी आम्ही तयार करून देऊ, त्याचे पैसे नकोत. तुमच्याकडून हवंय ते एवढं: खिरीच्या सणानंतरच्या पहिल्या शनिवारी रात्री दहापर्यंत सभागृह उघडं ठेवण्याची परवानगी, शम्माशच्या (सिनेगॉगच्या सेवकाच्या) जादा वेळेचा भत्ता, चार दिवसांच्या मोबदल्याचा ठराव, आणि तुमच्यापैकी प्रत्येक विश्वस्ताने आपल्या नातवंडांसह त्या रात्री चटईवर बसणं. नव्याच्या सणाआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कोणत्या सिनेगॉगमध्ये सुरुवात करायची ते कळवावं.

आपले,
कीर्तन, तेफिला आणि तोरावाचन शिकवणारे